मिसरचे देव, नातवंडांच्या कादंबऱ्या आणि एक जुनं बाळंतपण



आपल्या घरातल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलांच्या हातात हल्ली मिसरच्या देवदेवतांवरच्या जाडजूड कादंबऱ्या दिसतात. रिक रायर्डनची ‘द रेड पिरॅमिड’ २०१० साली आली. तिच्यात लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधला रोझेटा दगड फुटतो, देव मोकळे सुटतात आणि दोन भावंडांच्या मागे लागतात. ही काही नवी टूम नाही. ई. नेसबिट या बाईंनी १९०६ साली ‘द स्टोरी ऑफ द ॲम्युलेट’ लिहिलं, त्यातली मुलं एका ताईताच्या जोरावर थेट जुन्या मिसरात जातात. बाईंनी ते पुस्तक अर्पण केलं ब्रिटिश म्युझियमच्या वॉलिस बज यांना.

परवा सिनेगॉगमधून बाहेर पडताना एक मावशी मला म्हणाल्या, “अगं, पेसाखच्या रात्री आपण त्या देवांची फजिती सांगतो, आणि मुलांना तेच देव आवडायला लागले तर?” प्रश्न बरोबर आहे, हसण्यावारी नेण्यासारखा नाही. माझं उत्तर जरा लांब आहे, म्हणून इथे लिहिते.

या कादंबऱ्यांत ममी, थडगी, शाप यांचीच गर्दी फार असते. मिसरची माणसं जणू मरण्यापलीकडे काही करतच नव्हती! मी आयुष्यभर लेबर रूममध्ये काम केलं, म्हणून मला त्यांची दुसरी गोष्ट जवळची वाटते. ती बर्लिनच्या संग्रहालयातल्या वेस्टकार पपायरसवर आहे. तिच्यातला खुफू राजा सुमारे ४,६०० वर्षांपूर्वीचा, आणि हाती असलेली प्रत सुमारे ३,६०० वर्षांपूर्वीची. म्हणजे तेव्हाच्या लोकांनाही तो राजा फार जुन्या काळातलाच. जुने राजे घ्यायचे, त्यात जादू मिसळायची, हा प्रकार त्यांनीच केव्हाचा करून ठेवलाय.

गोष्टीत जेदी नावाचा ११० वर्षांचा जादूगार येतो. रोज ५०० भाकरी खातो आणि १०० सुरया बिअर पितो. तुटलेलं डोकं परत जोडतो म्हणतात. राजा म्हणतो, कैदी आणा, करून दाखव. जेदी साफ नकार देतो. माणसावर नाही, म्हणतो. मग बदक आणतात. राजासमोर असं सांगायला धाडस लागतं. मोठ्या डॉक्टरांसमोर तोंड उघडताना आमची काय गत व्हायची ते मला ठाऊक आहे.

जेदी भविष्य सांगतो की रुद्देदेत नावाच्या बाईला तीन मुलगे होतील आणि तिघेही राजे होतील. तिला कळा लागतात, बाळंतपण अडतं. तेव्हा सूर्यदेव रा चार देवींना पाठवतो, आयसिस, नेफ्थिस, मेस्खेनेट आणि हेकेट. त्या नाचगाणं करणाऱ्या बायकांच्या वेषात येतात, आणि ख्नूम देव त्यांचं सामान उचलणारा हमाल होऊन. दारात नवरा उभा, घाबरून कमरेचं वस्त्र उलटंपालटं झालेलं. त्या म्हणतात, आम्हाला बाळंतपणातलं कळतं, बघू दे. आत जाऊन दार लावून घेतात.

एक पुढे, एक पाठीमागे, तिसरी बाळ लवकर यावं म्हणून खटपट करते. बाळ आलं की धुतात, नाळ कापतात, मऊ कापडावर ठेवतात. बाळ एक हात लांबीचं. मिसरचा हात सुमारे ५२ सेंटिमीटरचा, आणि पूर्ण दिवसांचं मूल ५० च्या आसपास असतं. म्हणजे लिहिणाऱ्याला माप माहीत होतं. तिळ्यांत एवढं मोठं मूल मी तरी पाहिलं नाही, पण देवांची गोष्ट आहे, सोडून द्या. (ते राजे खरोखर होऊन गेले, मात्र तिळे नव्हते, साहुरे हा युसेरकाफचा मुलगा होता.) शेवटी नवरा मजुरी म्हणून जवाची गोणी देतो. आपल्या कोकणात सुईणीला तांदूळ-नारळ द्यायचे, तसंच.

मिसरच्या बायका विटांवर पाय ठेवून, उकिडवं बसून बाळंत होत. २००१ साली अबायडोस इथे अशी एक वीट सापडली, सुमारे ३,७०० वर्षांची. तिच्यावर नुकतंच झालेलं बाळ घेतलेली आई आणि मदतीच्या बायका रंगवल्या आहेत.

आता निर्गमचा पहिला अध्याय काढा. फारो शिफ्रा आणि पुआ या सुइणींना हुकूम करतो, तिथे बाळंतिणीच्या आसनासाठी हिब्रू शब्द आहे ‘ओवनायिम’. रूप द्विवचनी, म्हणजे दोन. बरेच अभ्यासक त्याचा संबंध याच विटांशी लावतात. यिर्मयाच्या पुस्तकात तोच शब्द कुंभाराच्या चाकासाठी आलाय, आणि आपला हमाल ख्नूम हा चाकावर माणसं घडवणारा देव! शाळेत इतक्या वेळा हा अध्याय वाचला, पण त्या दोन सुइणी कुठल्या खोलीत, कशा उभ्या असतील हे मला या गोष्टीमुळे डोळ्यांसमोर आलं. एका खोलीत राजे जन्माला घालणाऱ्या देवी, दुसरीत राजाचा हुकूम मोडून गुलामांची मुलं वाचवणाऱ्या दोन साध्या बायका. दोन्ही खोल्या मुलांना दाखवा. मावशींना मी हेच सांगितलं. देव लपवले तर शिफ्रा-पुआने कोणाच्या राज्यात ते धाडस केलं, ते मुलांना कसं कळणार?

गोष्टीचा शेवट मात्र हातात नाही. रुद्देदेतने मारलेली दासी सगळं राजाला सांगायला निघते, वाटेत पाण्याकडे जाते आणि मगर तिला ओढून नेते. लगेच पुढे पपायरस संपतो. लहान मुलांना सांगताना मगर गाळावी. माझ्या नातीला मी गाळून सांगितली नाही, आणि तिला तोच भाग सगळ्यांत जास्त आवडला.