स्टीलच्या पत्र्यावर डाग का पडतात?

दुबई असो, शारजा असो की बहारीन, समुद्राजवळच्या इमारतींत गॅलरीच्या स्टीलच्या कठड्यावर चहाच्या रंगाचे डाग तुम्ही पाहिले असतील. आपण लगेच म्हणतो, "माल नकली निघाला!" पण पुष्कळदा माल खरा असतो, चुकलेली असते ती त्याची जागा. आपल्यातले कितीतरी जण इथल्या फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये राबतात, तर कुणी कष्टाचे दिरहम घालून टिफिनचं किचन उभं करतात. म्हणून आज या पत्र्याविषयी बोलू या.

लोखंडात निदान १०.५ टक्के क्रोमियम असलं, की हवेतल्या ऑक्सिजनमुळे पत्र्यावर एक अतिशय पातळ थर तयार होतो. डोळ्यांना न दिसणारा हा थर गंजाला अडवतो. ओरखडा पडला तरी हवा लागताच तो पुन्हा भरून येतो. त्याचा शत्रू म्हणजे मीठ. खारा दमट वारा आणि वर बसलेली धूळ मिळून हा थर जागोजागी फोडतात.

यासाठीच वेगवेगळे ग्रेड असतात. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. किचनचे ओटे, सिंक, दुधाच्या टाक्या यांना तो उत्तम. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनमही असतं आणि ते मिठापुढे जास्त टिकतं. समुद्रकाठचे कठडे आणि रसायनांच्या टाक्या यांना ३१६ घ्या. २०१ आणि २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं. ते स्वस्त पडतात, पण लवकर डागाळतात.

मग ओळखायचं कसं? नुसत्या चुंबकावर विसंबू नका. २०१ लाही चुंबक सहसा चिकटत नाही, आणि अस्सल ३०४ वाकवला की त्या जागी थोडा चिकटू शकतो. ३०४ आणि ३१६ मधला फरक तर चुंबक सांगतच नाही. म्हणून पैसे देण्याआधी मिल टेस्ट सर्टिफिकेट मागा आणि त्यावरचा हीट नंबर पत्र्यावरच्या नंबराशी ताडून पाहा. जाडीची शंका असेल तर वजन करा. १ मिलिमीटर जाडीचा चार बाय आठ फुटी पत्रा साधारण २४ किलो भरतो.

वर्कशॉपमधल्या मित्रांनो, साध्या लोखंडावर वापरलेली ग्राइंडिंग डिस्क किंवा तारेचा ब्रश स्टेनलेसला लावू नका. लोखंडाचे कण पत्र्यात रुततात आणि तिथूनच गंज दिसू लागतो. वेल्डिंगनंतरचा निळा-तपकिरी रंगही काढून टाका, कारण त्याखालचा थर कमजोर झालेला असतो. आणि हो, स्टेनलेसच्या वेल्डिंगच्या धुरात क्रोमियमचं घातक रूप असतं. धूर ओढणारा पंखा आणि योग्य मास्क यांशिवाय काम सुरू करू नका.

घरी मात्र उपाय सोपा आहे. ब्लीच आणि लोखंडी काथ्या दूर ठेवा. अधूनमधून गोड्या पाण्यानं धुऊन कोरडं पुसा. पुसलेलं स्टील वर्षानुवर्षं साथ देतं.