शंभर मिलिग्रॅमची मर्यादा कुणी, कुणाला सांगितली?

शंभर मिलिग्रॅम म्हणजे चिमूटभर मिठाहूनही कमी. अमेरिकेतल्या टेक्सास टेक विद्यापीठात रसायनशास्त्राच्या एका संशोधनगटाची ही मर्यादा होती: स्फोटक संयुग एका वेळी याहून जास्त बनवायचं नाही. जानेवारी २०१० मध्ये तिथे निकेल हायड्रॅझिन परक्लोरेट बनवलं गेलं ते तब्बल दहा ग्रॅम, म्हणजे मर्यादेच्या शंभरपट. कारण अगदी साधं होतं. चाचण्या बऱ्याच करायच्या होत्या, दर वेळी नवा घाणा काढला की नमुन्यात फरक पडतो, मग एकदाच काढून ठेवलेला बरा. पावडरीत गुठळ्या झाल्या म्हणून पीएच.डी.चा एक विद्यार्थी ती खलात हलक्या हाताने फोडायला लागला. द्रावकाने ओली आहे तोवर ती उडत नाही, अशी त्याची समजूत होती. डोळ्यांवरचा गॉगल त्याने काढला होता. स्फोटात त्याची तीन बोटं गेली, हात आणि चेहरा भाजला, डोळ्यालाही इजा झाली.

अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाने चौकशी केली. हे बोर्ड एरवी तेलशुद्धीकरण कारखान्यांतले अपघात तपासतं. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेची त्याने केलेली ही पहिलीच चौकशी. तिच्यातून निघालेली गोष्ट आपल्याकडच्या प्रत्येक विभागाच्या भिंतीवर लावावी अशी आहे. शंभर मिलिग्रॅमची मर्यादा तोंडी होती. ती कुठे लिहिलेली नव्हती, आणि ती सगळ्यांपर्यंत पोचली आहे का, हे पाहण्याची कुठलीही पद्धत नव्हती. त्याच विभागात आधी घडलेले छोटे प्रसंगही असेच विरून गेले होते.

आपल्याकडे गाईडचा शब्द म्हणजे नियम. सर म्हणाले, संपलं. पण सरांनी हे २०१९ च्या तुकडीला सांगितलं, २०२३ च्या मुलांना त्या तुकडीतल्या सीनियरने सांगितलं, आणि तो सीनियर आता पोस्टडॉकसाठी परदेशात. पिढीगणिक नियमातला आकडा गळतो आणि ‘जरा जपून रे’ एवढंच शिल्लक राहतं.

टेक्सासच्या स्फोटाआधीचं, २९ डिसेंबर २००८ चं प्रकरण जास्त गाजलं. लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमध्ये २३ वर्षांची शेरी सांगजी प्लास्टिकच्या सिरिंजने टर्ट-ब्युटिललिथियम काढत होती. हवा लागताच पेट घेणारा हा द्रव. सिरिंजचा दट्ट्या निसटला. अंगात एप्रन नव्हता, होता तो कृत्रिम धाग्याचा स्वेटर. अठरा दिवसांनी ती गेली. या प्रयोगशाळेत लोक एप्रन घालत नाहीत, ही नोंद दोनच महिन्यांपूर्वीच्या तपासणीत झाली होती. तिचे मार्गदर्शक प्राध्यापक पॅट्रिक हॅरन यांच्यावर फौजदारी गुन्हे दाखल झाले. २०१४ मध्ये खटला तडजोडीने थांबला: भाजलेल्यांवर उपचार करणाऱ्या केंद्राला दहा हजार डॉलर आणि ८०० तासांची समाजसेवा. शिक्षा पुरेशी होती का, यावर तिथे आजही वाद होतात. मला त्याहून टोचतो तो एक तांत्रिक मुद्दा. सांगजी पगारी संशोधन सहायक होती, म्हणून राज्याचा कामगार सुरक्षा कायदा तिला लागू झाला. त्याच टेबलावर, तीच सिरिंज धरून, ती फक्त विद्यार्थिनी म्हणून उभी असती, तर त्या कायद्याचा हात तिच्यापर्यंत पोचला नसता.

आपल्याकडचा रिसर्च स्कॉलर नेमका याच उंबरठ्यावर उभा असतो. जेआरएफचे महिन्याला ३७,००० रुपये मिळतात, पण तो पगार नव्हे, फेलोशिप. हजेरी कर्मचाऱ्यासारखी, ओळखपत्र विद्यार्थ्याचं.

नियम अजिबातच नाहीत असंही नाही. किरणोत्सारी पदार्थ असले की अणुऊर्जा नियामक मंडळ येतं, रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसर नेमावा लागतो, छातीवर टीएलडी बॅज लावावा लागतो. जनुकबदलाचं काम असेल तर संस्थेची जैवसुरक्षा समिती लागते. पण ईथर, परक्लोरिक आम्ल, हायड्रोजनचा सिलिंडर या रोजच्या गोष्टी बऱ्याच ठिकाणी विभागप्रमुखाच्या आणि गाईडच्या स्वभावावर सोडलेल्या असतात. यूजीसीने २०१९ मध्ये संशोधन आणि प्रकाशन नीतीचा दोन क्रेडिटचा अभ्यासक्रम पीएच.डी.ला सक्तीचा केला. वाङ्मयचौर्य म्हणजे काय, हे आता प्रत्येक संशोधकाला शिकावं लागतं. आग लागली तर कुठला सिलिंडर उचलायचा, हे त्या अभ्यासक्रमात नाही.

आणि हे सगळं दूरदेशीचं नाही. सांगजीच्या अपघाताला बरोबर वर्ष झालं त्या दिवशी, २९ डिसेंबर २००९ ला, ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या रसायन प्रयोगशाळेत आग लागून दोन तरुण संशोधक दगावले. २०१८ च्या डिसेंबरात बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्रयोगशाळेत स्फोट झाला आणि एक तरुण संशोधक गेला.

गाईडने करायचं काय? प्रत्येक घातक प्रयोगासाठी कागदावर सही: किती बनवायचं, कुठल्या हूडमध्ये, कुठले मोजे, चुकलं तर काय. रविवारी, रात्री एकट्याने कुठलं काम करायचंच नाही, याची यादी. ‘मला अनुभव आहे’ याला इथे फार किंमत नाही. डार्टमथ कॉलेजच्या कॅरेन वेटरहान स्वतः मार्गदर्शक आणि विषारी धातूंच्या तज्ज्ञ. ऑगस्ट १९९६ मध्ये हूडखाली काम करताना डायमिथाइल मर्क्युरीचे काही थेंब त्यांच्या लॅटेक्सच्या मोज्यावर पडले. जून १९९७ मध्ये त्या वारल्या. हा द्रव असल्या मोज्यातून काही सेकंदांत आरपार जातो, हे नंतरच्या चाचणीत कळलं. त्यांनी निष्काळजीपणा केला नव्हता. तेव्हाच्या समजुतीप्रमाणे जे मोजे पुरेसे होते, तेच त्यांनी घातले होते.

विद्यार्थ्याचीही जबाबदारी आहे, आणि ती एप्रन घालण्यापुरती नाही. प्रयोगाचं प्रमाण वाढवण्याआधी विचारणं, थोडक्यात निभावलेला प्रसंग दडवून न ठेवणं, ‘हे मला जमणार नाही, कुणीतरी सोबत थांबा’ असं म्हणणं. यातलं शेवटचं सगळ्यात अवघड. ज्यांची सही सिनॉप्सिसवर लागणार आहे त्यांना नाही कसं म्हणायचं? म्हणून पहिलं पाऊल मला गाईडचंच वाटतं. मुलाने भीती बोलून दाखवली तेव्हा ते चिडले की खुर्ची ओढून बसले, हे लॅबमधल्या सगळ्यांना दिसत असतं.

गाईड निवडताना मुलं सीनियरांना विचारतात, पेपर किती निघतात, सर सोडतात कधी. सोबत आणखी एक विचारावं: आपत्कालीन शॉवर कुठे आहे? काही लॅबमध्ये कुणीतरी उठून दाखवेल. काही ठिकाणी त्याच्याखालची खोकी आधी हलवावी लागतील.