हमीदार जेव्हा पक्षकार होतो

महासत्ता दुसऱ्या देशाच्या यादवीत एका दिवसात शिरत नाही. ती आधी सहानुभूती दाखवते, मग एका गटाला गुप्तपणे मदत करते, पुढे मध्यस्थ होते, मध्यस्थीला वजन यावे म्हणून हमी देते आणि हमी मोडू नये म्हणून सैन्य पाठवते. प्रत्येक पायरी त्या त्या वेळी अपरिहार्य वाटते. संपूर्ण जिना दिसतो तो खाली कोसळल्यावर. १९८३ ते १९९० या काळात भारताने श्रीलंकेत हाच जिना चढला आणि त्याच्या तीन पायऱ्या बंगळूर शहरात आहेत. मारतहळ्ळीत स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांना शेजारचा एचएएल विमानतळ परिचित आहे. या शहराचा तो इतिहास मात्र फारसा सांगितला जात नाही.

मुळात हा तंटा श्रीलंकेचा आणि भाषेचा. १९५६ मध्ये सिंहली ही एकमेव राजभाषा ठरवणारा कायदा झाला आणि सरकारी नोकरीवर अवलंबून असलेला तमिळ मध्यमवर्ग आपल्याच देशात परका झाला. सनदशीर मागण्या निष्फळ ठरत गेल्या, तसे तरुण शस्त्रांकडे वळले. जुलै १९८३ मध्ये जाफन्याजवळ १३ सैनिक मारले गेले आणि त्याचा सूड कोलंबोतील निरपराध तमिळांवर उगवण्यात आला. निर्वासितांचे लोंढे तमिळनाडूच्या किनाऱ्यावर येऊ लागले. मद्रासच्या राजकारणाला त्याकडे पाठ फिरवणे अशक्य होते आणि दिल्लीला मद्रासकडे. भारतीय गुप्तचर यंत्रणेने तमिळ गटांना प्रशिक्षण व शस्त्रे दिली ती या काळात. कोलंबोवर दबाव ठेवावा, परंतु देश फुटू देऊ नये, असा दुहेरी हेतू त्यामागे होता. शस्त्रे घेणाऱ्यांचा हेतू एकच होता : स्वतंत्र ईलम. या विसंगतीची किंमत पुढे चुकवावी लागली.

पहिली पायरी नोव्हेंबर १९८६ ची. सार्कची दुसरी शिखर परिषद बंगळूरला भरली. अध्यक्ष जयवर्धने त्यासाठी येथे आले असताना लिट्टेचा प्रमुख प्रभाकरन याला मद्रासहून आणण्यात आले, मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन हेही उपस्थित होते. पूर्व प्रांताच्या विभागणीवर बोलणी झाली आणि फिसकटली. आपण आश्रय दिलेला गट आपला शब्द पाळेलच असे नाही, हा इशारा दिल्लीला तेव्हाच मिळाला होता.

दुसरी पायरी ४ जून १९८७ ची. श्रीलंकेच्या सैन्याने जाफना द्वीपकल्पात मोहीम उघडली होती. भारताने धाडलेल्या मदतीच्या बोटी आदल्या दिवशी अडवून परत पाठवण्यात आल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी बंगळूरहून पाच एएन-३२ विमाने मिराज लढाऊ विमानांच्या संरक्षणात निघाली आणि त्यांनी जाफन्यावर सुमारे २५ टन सामग्री टाकली. त्या सामग्रीने किती पोटे भरली असतील, हा प्रश्न गौण आहे. शेजाऱ्याच्या आकाशात आम्ही हवे तेव्हा येऊ शकतो, हे त्या उड्डाणाने सांगितले आणि कोलंबोला ते कळले.

त्यानंतर आठ आठवड्यांत, २९ जुलै १९८७ रोजी, राजीव गांधी व जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या. उत्तर व पूर्व प्रांतांचे तात्पुरते एकत्रीकरण, तमिळला राजभाषेचा दर्जा, अतिरेक्यांनी ७२ तासांत शस्त्रे खाली ठेवणे, अशी कलमे त्यात होती. सोबतच्या पत्रांत त्रिंकोमाली बंदर भारताच्या हितास बाध येईल अशा रीतीने परकीय सैन्याला वापरू न देण्याचे आश्वासन होते. भारताला काय हवे होते ते या पत्रांवरून स्पष्ट होते. परंतु ज्यांनी शस्त्रे टाकायची होती, त्या लिट्टेची करारावर सहीच नव्हती. दोन सरकारांनी तिसऱ्याच्या वतीने शब्द दिला आणि तो पाळला जाईल याची हमी भारताने घेतली.

हमीदार पक्षकार झाला तो ऑक्टोबरात. श्रीलंकेच्या नौदलाने पकडलेल्या लिट्टेच्या लोकांना कोलंबोला नेण्याचा आग्रह धरला गेला. पुलेंद्रन व कुमारप्पा यांच्यासह अनेकांनी ५ ऑक्टोबरला सायनाइड खाल्ले. पूर्वेत सिंहलींच्या कत्तली झाल्या आणि १० ऑक्टोबरपासून शांतिसेना युद्धात उतरली. जाफना विद्यापीठावर हेलिकॉप्टरने उतरवलेली शीख लाइट इन्फन्ट्रीची तुकडी जवळजवळ संपूर्ण मारली गेली. २१ ऑक्टोबरला जाफन्याच्या रुग्णालयात भारतीय सैनिकांच्या गोळीबारात रुग्ण, डॉक्टर व परिचारिका बळी पडल्या. ज्यांच्या रक्षणासाठी आपण गेलो, त्यांच्या मनातून आपण त्या दिवशी उतरलो. २५ नोव्हेंबरला महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन धारातीर्थी पडले. मुंबईत जन्मलेल्या या अधिकाऱ्याला मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. जवानांच्या शौर्यात उणे नव्हते. उणे होते ते त्यांना दिलेल्या उद्दिष्टात.

पुढचा अध्याय विलक्षण आहे. दक्षिणेत जेव्हीपीने भारतविरोधावर उठाव केला. जयवर्धने यांच्यानंतर आलेल्या अध्यक्ष प्रेमदासांनी १९८९ मध्ये शांतिसेनेने निघून जावे, अशी मागणी केली आणि तिच्याशी लढण्यासाठी लिट्टेला शस्त्रेही पुरवली. एकमेकांचे हाडवैरी पाहुण्याविरुद्ध एक झाले. २४ मार्च १९९० रोजी अखेरची तुकडी परतली. सुमारे १,२०० जवान परतले नाहीत.

मराठी वाचकाला ही कथा अनोळखी वाटू नये. १७७५ मध्ये राघोबादादांनी पेशवेपदासाठी सुरतेस इंग्रजांशी तह केला. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशवे व शिंदे यांच्या फौजांचा पराभव केल्यावर दुसऱ्या बाजीरावाने वसईस कंपनीचे संरक्षण पत्करले आणि आर्थर वेलस्ली म्हैसूरकडून फौज घेऊन पुण्यास गेला. दोन्ही वेळा परक्याला बोलावणारा घरचाच होता. फरक इतकाच, की कंपनीला आपल्याला काय घ्यायचे ते ठाऊक होते. भारताला श्रीलंकेची भूमी नको होती. म्हणूनच कोणत्या क्षणी काम पूर्ण झाले असे म्हणायचे, हेही त्याला सांगता येईना. उलट नोव्हेंबर १९८८ मध्ये मालदीवमध्ये तेथील सरकारच्या विनंतीवरून सैन्य गेले, बंड मोडले आणि मोहीम अल्पावधीत आटोपली. तेथे उद्दिष्ट एक होते आणि शत्रूही एकच.

तिसरी पायरी उतरणीची. २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाली. तिचा सूत्रधार शिवरासन व त्याचे साथीदार ऑगस्टमध्ये बंगळूरच्या कोननकुंटे भागातील एका घरात मृतावस्थेत सापडले. ज्या शहरात लिट्टेच्या नेत्याशी बोलणी झाली, तेथेच पाच वर्षांनी त्याने धाडलेल्या मारेकऱ्यांचा शेवट झाला.

यातून प्रशासनात वावरणाऱ्यांनी घ्यावयाचा बोध दुहेरी आहे. ज्याच्या आज्ञापालनाची खात्री नाही त्याच्या वतीने हमी देऊ नये; आणि सैन्य पाठवण्याच्या आदेशासोबतच ते परत कधी बोलवायचे, याचे उत्तर लिहून ठेवावे. मे २००९ मध्ये लिट्टेचा अंत झाला तो भारतीय फौजेविना. प्रांतांना अधिकार देणारी १९८७ ची घटनादुरुस्ती मात्र अजूनही पूर्णांशाने अमलात आलेली नाही. युद्ध संपले, तंटा उरला.

दुसरा बोध स्थलांतरितांसाठी आहे. कावेरीच्या प्रश्नावरून डिसेंबर १९९१ मध्ये बंगळूरमध्येही तमिळ भाषकांवर हल्ले झाले. तरी त्याची यादवी झाली नाही, कारण न्यायालये, लवाद, निवडणुका आणि संघराज्याची चौकट तक्रारीला वाट देत राहिली. मारतहळ्ळीच्या एकाच इमारतीत कन्नड, तमिळ, तेलुगू आणि मराठी घरे शेजारी नांदतात, ते या चौकटीच्या आधारावर. १९५६ मध्ये श्रीलंकेने ती वाट बंद केली. परकी विमाने तिच्या आकाशात आली ती त्यानंतर ३१ वर्षांनी. दार मात्र आतूनच उघडले गेले होते.