हौद सर्वांचा, पाणी सर्वांचे

पुण्याच्या जुन्या पेठांतून फिरणाऱ्या परगावच्या पाहुण्यास एका गोष्टीचे नवल वाटते. फडके हौद, काळा हौद, बदामी हौद अशी नावे पदोपदी त्याच्या कानी पडतात. परंतु घागर घेऊन पाणी भरणारे कोणी त्या ठिकाणी दिसत नाही. हौदांचा नित्याचा वापर केव्हाच संपला, नावे मात्र चौकांना चिकटून राहिली. या नावांमागे पाण्याच्या वाटपाचा एक मोठा इतिहास दडलेला आहे.

कात्रजचा नळ

पेशवाईत पुण्याची वस्ती झपाट्याने वाढली आणि नदी व आड यांचे पाणी अपुरे पडू लागले. तेव्हा नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास कात्रजच्या डोंगरपायथ्याशी आंबील ओढ्याचे पाणी बांध घालून अडविले. तेथून आठ किलोमीटरांहून अधिक अंतर ते शहरात आणले, तेही जमिनीखालून, दगडी बांधकामाच्या नळातून. येथे ‘नळ’ म्हणजे लोखंडी नळी नव्हे. माणूस आत शिरून साफसफाई करू शकेल एवढे ते प्रशस्त भुयारच होते. पंप नव्हता, यंत्र नव्हते. जमिनीच्या उताराचे अचूक गणित, एवढेच काय ते सामर्थ्य.

या मार्गावर ठिकठिकाणी ‘उच्छ्वास’ बांधले होते. त्यांतून नळात हवा खेळत असे, पाण्याबरोबर आलेला गाळ काढता येत असे आणि दुरुस्तीसाठी आत उतरता येत असे. शनिवारवाड्यातील कारंजी या पाण्याने थुईथुई नाचत, तशाच पेठांतील नागरिकांच्या घागरीही त्यावर भरत. पुढे नाना फडणवीसांनी नऱ्हे-आंबेगावकडून आणखी एक नळ आणून या व्यवस्थेत भर घातली.

डोंगरातील लाकडी कुंड

पाण्याची अशी सामाईक जागा हे जगभरच्या गावांचे एक समान लक्षण आहे. स्वित्झर्लंडमधील आल्प्स पर्वतातील खेड्यांत गावाच्या मध्यभागी लाकडी कुंड असे. सूचिपर्णी वृक्षाचे अखंड खोड कोरून ते घडवीत. कोकणात पोफळीचे खोड उभे चिरून पन्हळ करतात व ओढ्याचे पाणी थेट अंगणात आणतात. त्याच जातीची ही कारागिरी. डोंगरातील झऱ्याचे पाणी अहोरात्र त्या कुंडात पडत राही. पहिल्या कुंडातील पाणी माणसांनी प्यावे, त्यातून वाहून जाणारे दुसऱ्यात गुरांनी प्यावे, आणि त्यापुढे धुणी धुवावीत, असा क्रम असे. वरचे पाणी कोणी विटाळू नये, हा दंडक सर्वांना सारखाच लागू होता. कुंडाची सफाई आणि डागडुजी ते वापरणारी घरे आपसांत वाटून घेत. तेथे क्रम ठरे तो वापराचा. पाणी कोणाच्या घरी जाणार यावरून नव्हे.

घागर कोणाची?

आपल्याकडे मात्र क्रम माणसांचा लागला. पाणी आणण्याचे शास्त्र उत्तम साधले, वाटपाचा न्याय साधला नाही. अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना सार्वजनिक पाणवठ्यास हात लावण्याची मुभा नव्हती. कोणी वरून घागरीत पाणी ओतील, याची वाट पाहत त्या समाजातील स्त्रियांना उन्हात तिष्ठत बसावे लागे. अशा काळात, १८६८ साली, महात्मा जोतीराव फुले यांनी गंज पेठेतील आपल्या घरचा हौद या बांधवांसाठी खुला केला. पेशव्यांच्या नळापुढे हा घरगुती हौद आकाराने अगदीच लहान. परंतु कात्रजच्या नळाने जे काम अपुरे ठेवले होते, त्याचा आरंभ येथे झाला.

त्यानंतर रावबहादूर सी. के. बोले यांच्या प्रस्तावावरून मुंबई विधिमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव संमत केला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये तसा निर्णयही घेतला. पण कागदावरचा हक्क ओंजळीत आला तो २० मार्च १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले तेव्हा. त्यावरून सुरू झालेल्या दाव्याचा अंतिम निकाल लागून मुंबई उच्च न्यायालयाने तो हक्क मान्य करण्यास १९३७ साल उजाडले.

विसरलेली ठेव

खडकवासल्याचे धरण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधून झाले. पुढे घरोघरी तोट्या आल्या आणि हौदांकडे दुर्लक्ष झाले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्याच्या लोंढ्याने खडकवासलाही फुटले आणि शहराचा पाणीपुरवठा कोलमडला. त्या कठीण दिवसांत पुणेकरांच्या उपयोगी पडले ते जुने आड आणि कात्रजचे हौदच. दोनशे वर्षांपूर्वी पूर्वजांनी ठेवलेली ही ठेव ऐन अडचणीत कामी आली.

ठेवीचे मोल ग्राहकांस आणि बँक कर्मचाऱ्यांस वेगळे सांगावयास नको. ती वेळोवेळी तपासावी लागते; नाहीतर तिचा विसर पडतो. आपल्या गावातही एखादी बारव, एखादा हौद, गुरांसाठी ठेवलेली एखादी दगडी डोणी अद्याप असेल. ती कोणी बांधली, तिचे पाणी कोठून येई, आणि ते भरण्याचा अधिकार कोणाला होता व कोणाला नव्हता, हे घरातील वडीलधाऱ्यांना अवश्य विचारावे. त्यातील गाळ काढण्यास चार हात पुरे आहेत. मात्र ते हात सर्व आळ्यांतून आलेले असावेत.