तातडीच्या खोलींतील शब्द

उंसाच्या फडांत सर्पदंश झालेल्या मजुरास करकंबच्या ग्रामीण रुग्णालयांत आणतात, तेव्हां त्याच्यामागें निम्मी वस्ती येते. घोणस चावल्याचा संशय असल्यास डॉक्टर त्याचें थोडें रक्त कोरड्या, स्वच्छ कांचेच्या नळींत घेतात व ती नळी २० मिनिटें न हलवितां ठेवितात. रक्त गोठलें नाहीं, तर विष भिनलें असून प्रतिविष दिलें पाहिजे, हें कळतें. बाहेरच्यांस मात्र वाटतें कीं, रोगी मरत असतां कोणी कांहींच करीत नाहीं.

अशा वेळीं परिचारिकेनें बाहेर येऊन, "रक्ताची परीक्षा चालू आहे, वीस मिनिटांनीं मी स्वतः सांगावयास येईन," एवढें म्हटलें तरी भय ओसरूं लागतें. हें वाक्य उपचाराचाच भाग होय. मार्च २०१७ मध्यें धुळ्यास निवासी डॉक्टरावर हल्ला झाला, आणि राज्यभरचे निवासी डॉक्टर सामुदायिक रजेवर गेले. अशा हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रांत २०१० पासून कायदा आहे. पण तो गुन्हा घडल्यावर उपयोगीं पडतो.

चांगलें बोलणें ही उपजत देणगी आहे, हा समज खरा नव्हे. टांके घालण्याप्रमाणें तेंही सरावानें येतें. एकानें नातेवाईक व्हावें, दुसऱ्यानें डॉक्टर, आणि इतरांनीं चुका दाखवाव्या. अशुभ वार्ता सांगतांना शांत जागा पाहावी, घरच्यांस काय ठाऊक आहे तें विचारावें, "आम्हीं शर्थ केली" असें मोघम न बोलतां "मृत्यु झाला" असें स्पष्ट सांगावें, आणि मग त्यांच्या शोकास अवसर द्यावा.

सहकाऱ्यांशीं बोलण्यासही शिस्त लागते. रोग्यास पंढरपुरास किंवा सोलापुरास हलवितांना सद्यःस्थिति, पूर्ववृत्त, अनुमान व अपेक्षा या चार गोष्टी ह्याच क्रमानें कळवावयाच्या. ही रीत अमेरिकेच्या आरमारांतून रुग्णालयांत आली. दंशाची वेळ व दिलेल्या प्रतिविषाच्या कुप्यांची संख्या ऐकणाऱ्यानें पुन्हा उच्चारावी, म्हणजे मात्रेंत घोटाळा होत नाहीं.

भारतांत २०१९ पासून एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमांत संवादाचें शिक्षण आलें. परंतु नातेवाइकांस प्रथम भेटतो तो दारावरचा शिपाई किंवा केसपेपर लिहिणारा कारकून. त्यांसही हे धडे मिळाले पाहिजेत; कारण भ्यालेल्या माणसास तेथील कोणाचाहि शब्द रुग्णालयाचाच शब्द वाटतो.