आरोपी मनोरुग्ण असेल, तर खटल्याचे काय?

गेल्या पंधरवड्यात माझ्या जुन्या ओळखीचे एक वयस्क गृहस्थ दवाखान्यात आले. त्यांच्या मुलाला स्किझोफ्रेनिया आहे. मारामारीच्या गुन्ह्यात तो तुरुंगात आहे आणि तिथे त्याच्या गोळ्या बंद पडल्या आहेत. "डॉक्टरसाहेब, लोक म्हणतात, वेडा ठरला की सुटतो. खरं का?" त्यांनी विचारले.

खरे नाही. इथे दोन प्रश्नांची गल्लत होते. गुन्हा घडला त्या क्षणी आरोपीला आपण काय करतो आहोत हे कळत होते का, हा पहिला प्रश्न. आज कोर्टात स्वतःचा बचाव करण्याइतके त्याचे मन ठिकाणावर आहे का, हा दुसरा. पहिला त्या दिवसाचा, दुसरा आजचा. मी लिहितो आहे तो दुसऱ्याविषयी.

तपासणारा डॉक्टर साधेच प्रश्न विचारतो. तुझ्यावर आरोप कोणता? समोर बसलेले न्यायाधीश काय करतात? तुझा वकील कोण? गुन्हा कबूल केलास तर काय होईल? जो आपल्या वकिलालाच पोलिसांचा हेर समजतो, तो त्याला आपली बाजू काय सांगणार? मात्र आजार आहे म्हणजे माणूस अपात्रच, असेही नाही. नियमित औषध घेणारे अनेक रुग्ण खटला नीट समजू शकतात.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ३६७ व ३६८ मध्ये याची रीत दिली आहे. न्यायाधीशांना शंका आली, तर आरोपीची वैद्यकीय तपासणी होते, मानसोपचारतज्ज्ञांचे मत घेतले जाते. तो बचावास असमर्थ ठरला आणि त्याच्याविरुद्ध सकृद्दर्शनी पुरावा असला, तर खटला तहकूब होतो. रद्द होत नाही. त्याला जामिनावर घरच्यांच्या हवाली करतात किंवा उपचाराच्या ठिकाणी ठेवतात. बरा झाला की खटला पुन्हा सुरू. सकृद्दर्शनी पुरावाच नसेल, तर त्याची सुटका होते.

कागदावर हे सोपे दिसते. पण आसामच्या मचांग लालुंग यांना १९५१ मध्ये अटक झाली आणि पुढे तेजपूरच्या मनोरुग्णालयात पाठवले गेले. १९६७ मध्ये डॉक्टरांनी ते बरे झाल्याचे लिहून दिले. तरी त्यांना पुन्हा तुरुंगातच धाडले आणि खटला काही चालला नाही. सुटले ते २००५ मध्ये, तब्बल ५४ वर्षांनी! विचारणारे कोणी नव्हते, म्हणून हे घडले.

खालच्या कोर्टात ही तपासणी झालीच नसेल, तर वकील तो मुद्दा अपिलात मांडू शकतात. पण अपिलाचे काम मुख्यतः कागदांवर चालते. खटल्याच्या वेळची मनःस्थिती वर्षांनंतर कोण सांगणार? तेव्हाचे केसपेपरच सांगणार. शिक्षेनंतरही हा विषय संपत नाही. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १२ एप्रिल २०१९ रोजी, कैद्याचे नाव गुप्त ठेवून, त्याच्या गंभीर मानसिक आजारामुळे फाशीऐवजी आजन्म कारावास दिला.

म्हणून त्या गृहस्थांना मी तीन गोष्टी सांगितल्या. जुन्या चिठ्ठ्या, डिस्चार्ज कार्ड, सगळे जपून ठेवा आणि झेरॉक्स वकिलांना द्या. तुरुंगाच्या डॉक्टरांना औषधांची नावे लेखी कळवा. उपचार मिळणे हा कैद्याचाही हक्क आहे. वकील परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, कैद्यांना तिथे मोफत वकील मिळतो. आणि लाजेपोटी आजार लपवू नका.

दुसऱ्या दिवशी ते पिशवीभर कागद घेऊन आले. बारा वर्षांच्या चिठ्ठ्या होत्या. आम्ही दोघांनी बसून त्या तारखेप्रमाणे लावल्या.