तारामतीला बाई मिळाली : दुर्गा खोटे

काशीयात्रा केलेल्यांनी तिथला हरिश्चंद्र घाट पाहिलाच असेल. राज्य दान करून बसलेल्या हरिश्चंद्राने याच नगरीत पत्नी तारामतीला विकलं आणि स्वतः स्मशानात डोंबाची चाकरी पत्करली, अशी कथा आहे. मेलेल्या मुलाला घेऊन तारामती तिथे येते, तर तिचाच नवरा दहनाचा कर मागतो. हीच तारामती आपल्या सिनेमाच्या इतिहासात दोनदा महत्त्वाची ठरली.

दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, तेव्हा तारामतीसाठी बाई मिळेना. शेवटी अण्णा साळुंके यांनी साडी नेसली. १९३२ मध्ये कोल्हापूरच्या ‘प्रभात’ने तीच कथा ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटात आणली, मराठीत आणि हिंदीतही. दिग्दर्शक व्ही. शांताराम, हरिश्चंद्र गोविंदराव टेंबे आणि तारामती दुर्गा खोटे.

दुर्गाबाई माहेरच्या लाड. मुंबईचं सुखवस्तू घर, सेंट झेवियर्स कॉलेजात शिक्षण. अशा घरातल्या बाईने सिनेमात जाणं तेव्हा कमीपणाचं मानत. पण सासरची आर्थिक घडी विसकटली होती आणि पदरी दोन मुलगे होते. त्यांनी काम धरलं आणि लोकांना तारामती पटली. त्यानंतर चांगल्या घरच्या मुलींना हा रस्ता जरा सोपा झाला.

दुर्गाबाई एका कंपनीत अडकल्या नाहीत. कोलकात्याच्या न्यू थिएटर्समध्ये त्यांनी ‘राजरानी मीरा’ केला, ‘प्रभात’च्या ‘अमर ज्योती’त (१९३६) चाचेगिरी करणारी बंडखोर सौदामिनी रंगवली. ‘साथी’ (१९३७) या चित्रपटाची निर्मिती आणि दिग्दर्शन त्यांनीच केलं. ‘मुघल-ए-आझम’मधली जोधाबाई तर सगळ्यांना आठवते. रंगभूमीवर शिरवाडकरांच्या ‘राजमुकुट’सारखी नाटकं केली. दूरदर्शनवरची ‘वागले की दुनिया’ ही त्यांच्याच निर्मितीसंस्थेची.

आणि उतारवयात त्यांनी लेखणी हातात घेतली. ‘मी, दुर्गा खोटे’ हे त्यांचं आत्मचरित्र. नटीबद्दल बाकीचे बोलतात, अशी आपली रीत. इथे तिने स्वतःच स्वतःचा हिशेब मांडला. पुढे शांता गोखले यांनी ते इंग्रजीत नेलं.

१९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार दुर्गाबाईंना मिळाला. ज्यांना तारामतीसाठी बाई मिळाली नव्हती, त्यांच्याच नावाचा पुरस्कार!

कथेतल्या तारामतीला विकताना तिचं मत कुणी विचारलं नाही. तिची भूमिका करणाऱ्या बाईने मात्र आपल्या कष्टांवर घर चालवलं आणि आपली गोष्ट आपणच सांगितली. ते पुस्तक मिळवून जरूर वाचा. भेटू पुढच्या भागात.